किती जमले, की कसे जमले?

शैक्षणिक वर्ष संपत आले की आपल्या शाळेच्या सेवा मंडळाचा अहवाल याच पानांवर छापून येतो. किती रक्कम जमली, ती कुठे खर्च झाली, कोणत्या वर्गाने पहिला क्रमांक मिळवला, हे सर्व आपण कौतुकाने वाचता. यंदाचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा आहे. त्याबद्दल मंडळाच्या मुलामुलींचे मनापासून अभिनंदन! पण या आकड्यात आमची एक चूक दडलेली आहे आणि ती पालकांपुढे मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

यंदा मंडळाने कामे पुष्कळ केली. जूनमध्ये जुन्या वह्यांची कोरी पाने काढून, शिवून नव्या वह्या तयार केल्या. दर महिन्याला घरोघरची रद्दी गोळा करून विकली. संक्रांतीला तिळगुळाचा स्टॉल लावला. परंतु सर्वांत मोठी रक्कम आली ती नोव्हेंबरमधील कुपनांतून, आणि त्यातूनच सरकारी दवाखान्याच्या आवारात रात्र काढणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना ब्लँकेट वाटले गेले. आपल्या आदिलाबादची थंडी काय असते हे वाचकांना सांगायला नको. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे उघड्या फरशीवर कुडकुडत बसलेली ज्यांनी पाहिली आहेत, ते या कामाला नावे ठेवणार नाहीत.

चूक कामात नव्हती, पद्धतीत होती. आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती दहा रुपयांच्या वीस कुपनांचे एक पुस्तक दिले आणि कोणी किती विकली ते रोज वर्गाच्या फळ्यावर लिहू लागलो. दुकानदाराच्या, नोकरदाराच्या मुलांची पुस्तके दोन दिवसांत संपली. आठवीतली एक मुलगी मात्र चार दिवस शाळेत आलीच नाही. वर्गशिक्षिका घरी गेल्या तेव्हा कळले की ताप वगैरे काही नव्हता. तिची सतरा कुपने उरली होती. आईवडील कापूस वेचायला जाणारे, शेजारपाजारही तसाच. ती विकणार कोणाला? शेवटी वडिलांनी मजुरीवर उचल घेऊन पुस्तक संपवले. आम्ही ते पैसे परत करायला गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. ‘सर, पोरीचं नाव बोर्डावर राहू द्या,’ एवढेच ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या मनाला चैन नाही. एकाच्या अंगावर पांघरूण घालताना आम्ही दुसऱ्याच्या डोक्यावर कर्ज चढवले होते.

शाळेतून निधी गोळा करण्याची रीत जुनी आहे. 1949 पासून 7 डिसेंबरला सैनिकांसाठी ध्वजदिन पाळला जातो. त्याचे डबे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी फिरवले असतील, क्षयरोग निवारणाची तिकिटेही विकली असतील. त्या कार्यांविषयी आम्हाला आदरच आहे. दोष निधी गोळा करण्यात नाही. मुलावर आकडा लादण्यात आणि तो चारचौघांत मांडण्यात दोष आहे.

आपल्या पूर्वसूरींनी हे फार चांगले ओळखले होते. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगासाठी पैसा फंड काढला, तेव्हा माणशी वर्षाला फक्त एक पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला बळ दिले आणि त्या पैशापैशातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील मुलांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य घेतले. पैसा काय, मूठ काय, मागणे मुद्दामच इतके लहान ठेवले होते की गरिबातल्या गरिबालाही मान खाली न घालता दाता होता यावे. शिवाय कर्मवीरांची मुले स्वतःही राबत असत.

हा श्रमाचा धडा तर आपल्या शेजारीच आहे. पैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, बाबा आमटे व साधनाताईंनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन वसवले. तेथे कुष्ठरुग्णांना भीक मिळाली नाही, काम मिळाले. पुढे 1967 पासून सोमनाथला श्रमसंस्कार छावण्या सुरू झाल्या. तेथे येणाऱ्या तरुणांकडे बाबांनी वर्गणी मागितली नाही, घाम मागितला.

काही शिक्षकांनी आम्हाला विचारले, ‘कुपने बंद केली तर ब्लँकेट कमी पडतील, त्याचे काय?’ प्रश्न रास्त आहे. यंदाच्या रकमेतील निम्म्याहून अधिक वाटा कुपनांचाच होता. पुढच्या थंडीत कदाचित काही माणसांना ब्लँकेट मिळणार नाही, हे आम्ही लपवू इच्छित नाही. पण ही तूट भरून काढण्याची जबाबदारी आम्हा मोठ्यांची आहे, तेरा वर्षांच्या मुलीची नव्हे.

म्हणून पुढील वर्षापासून काही बदल करण्याचे आम्ही ठरवत आहोत. कोणत्याही विद्यार्थ्याला कुपनांचे पुस्तक दिले जाणार नाही. फळ्यावर नावे येणार नाहीत, वर्गावर्गांत चढाओढ लागणार नाही. मुले रद्दी, वह्या, तिळगूळ अशा स्वतःच्या कष्टाच्या कामांतून जे जमेल ते देतील. मोठ्यांसाठी कार्यालयाजवळ कुलूपबंद पेटी राहील. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही आपली गुप्तदानाची रीत तेथे पाळली जाईल; पहिली भर आम्ही शिक्षकच घालू. दर महिन्याचा जमाखर्च मंडळाची मुले स्वतः लिहून सूचना फलकावर लावतील. पैशाचा हिशेब चोख ठेवायला शिकणे हीदेखील सेवाच आहे.

ब्लँकेट वाटायला गेलेली मुले परत येऊन कितीतरी दिवस त्या माणसांविषयी बोलत होती. कोण कुठल्या गावचा, कोणाचे बाळ आजारी, कोणी रात्री काय खाल्ले, हे त्यांना ठाऊक होते. किती कुपने विकली, हे मात्र एकानेही सांगितले नाही. यातच आम्हाला उत्तर मिळाले.

जूनमधील पालक सभेत हा विषय चर्चेला ठेवला आहे. ज्यांना आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी तर अवश्य यावे.