पावत्यांचं गाठोडं दिलं, हिशेब कुठे आहे?

शोधनिबंधाच्या शेवटी ‘डेटा मागितल्यास उपलब्ध’ असं छापून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय झाली आहे. फ्लो सायटोमेट्रीपुरतं तरी हे वाक्य बहुतेक वेळा पोकळ असतं, आणि त्यावर आता बोललंच पाहिजे. नुसती एफसीएस फाईल देणं म्हणजे पावत्यांचं गाठोडं हातात देऊन ‘ताळेबंद तुमचा तुम्ही लावा’ म्हणणं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. या यंत्रात रक्तातल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. पेशींना आधी चमकणारे रंग चिकटवलेले असतात. कोणती पेशी कोणत्या रंगात किती चमकली, याचे आकडे फाईलमध्ये साठतात. एचआयव्हीच्या रुग्णांची सीडी४ मोजणी याच तंत्राने होते. रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ओळखायला आणि उपचारानंतर रोग किती उरलाय हे बघायलाही हेच तंत्र लागतं.

फाईलचा साचा सगळ्यांचा एकच आहे. एफसीएस हे मानक १९८४ सालचं, त्याची ३.१ आवृत्ती २०१० ची. यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, फाईल निघते ती एफसीएस. इथवर सगळं छान. गोम पुढे आहे.

आकड्यांतून उत्तर काढायचं तर तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या खात्यात सांडतो, तो किती वजा करायचा? याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. आकडे कोणत्या मापपट्टीवर मांडायचे, साध्या लॉगवर की बायएक्स्पोनेन्शियलवर? आणि स्क्रीनवरच्या ठिपक्यांभोवती रेघ कुठे ओढायची? ते गेटिंग.

यातला यंत्रावरचा कॉम्पेन्सेशनचा तक्ता एफसीएसमध्ये असू शकतो. पण नंतर हाताने केलेली दुरुस्ती, मापपट्टी आणि गेट हे सगळं जातं फ्लोजोच्या वर्कस्पेसमध्ये, नाहीतर कलुझाच्या किंवा एफसीएस एक्सप्रेसच्या आपापल्या फाईलमध्ये. एकाची फाईल दुसऱ्यात सहज उघडत नाही. उघडली तरी सगळं जसंच्या तसं आलंय याची खात्री नाही. एका मापपट्टीवर सरळ असलेली रेघ दुसरीवर वाकते. कोपरे तेच ठेवून पुन्हा सरळ रेघा मारल्या, की कडेच्या पेशी आत-बाहेर होतात.

‘चार पेशींनी काय बिघडतं?’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा. लहान मुलांच्या ल्युकेमियात उरलेला रोग मोजताना ०.०१ टक्का ही सर्रास वापरली जाणारी सीमा आहे. म्हणजे दहा हजारांत एक पेशी. पाच लाख पेशी मोजल्या तर त्या सीमेवर असतात फक्त ५०. रेघ जराशी सरकली की ५० च्या ४० होतात, नाहीतर ६०. पुढचे उपचार वाढवायचे की नाही, हे ठरवताना डॉक्टर हा आकडा बघतात. आता ते पोर दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात गेलं, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात काय पडतं? एक छापील टक्केवारी आणि दोन धूसर चित्रं. रेघ कुठे होती, हे कुणाला विचारायचं?

‘गेटिंग अनुभवाची गोष्ट आहे, ती फाईलमध्ये मावत नाही’ हा युक्तिवाद मी ऐकलाय. अनुभव मावत नाही, कबूल. पण रेघ मावते ना? अनुभवी माणसाने ओढलेली रेघ तर आधी जपली पाहिजे.

‘मग सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्या’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं, की परवान्याचं बिल छोट्या कॉलेजने का भरावं? दुसऱ्याचा निष्कर्ष तपासायला आधी दुकानात रांग लावायची, हे विज्ञान नव्हे.

साधनं नाहीत ही सबबही चालणार नाही. गेट, मापपट्टी आणि कॉम्पेन्सेशन लिहून ठेवायला गेटिंग-एमएल हे खुलं मानक आहे. प्रयोगाची किमान माहिती काय द्यावी याचे मिफ्लोसाइट हे निकष २००८ पासून आहेत. आर भाषेत फ्लोकोअर आणि सायटोएमएल आहेत, पायथनमध्ये फ्लोकिट आहे. सगळं फुकट. उणीव आहे ती सक्तीची.

केंद्राने २०२१ मध्ये जैविक डेटा वाटून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२२ मध्ये फरीदाबादला राष्ट्रीय जैविक डेटा केंद्र सुरू झालं. पाऊल चांगलंच आहे. पण हिशेबाशिवाय नुसती गाठोडी तिथे गेली, तर ते कोठार होईल, ग्रंथालय नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

१. सरकारी पैशातून झालेल्या कामात एफसीएससोबत गेट, मापपट्टी आणि कॉम्पेन्सेशन खुल्या स्वरूपात द्या. सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्तीही लिहा.

२. सरकारी संस्थांनी सॉफ्टवेअरची निविदा काढताना खुल्या स्वरूपात पूर्ण एक्स्पोर्ट ही अट घाला. अट नाही तर खरेदी नाही.

३. रुग्णाने मागितली तर त्याची फाईल गेटसकट द्या. वैद्यकीय कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा नियम २००२ पासून आहे. त्यात ही फाईल बसते का, यावर काथ्याकूट कशाला? देऊन टाका.

४. संशोधनासाठी बाहेर देताना फाईलच्या आत रुग्णाचं नाव राहिलेलं नाही ना, हे आधी तपासा. पुष्कळदा ते तिथेच असतं.

निष्कर्ष तुमचा असेल, पण यंत्राचे, रसायनांचे आणि परवान्याचे पैसे लोकांचे आहेत. रक्त तर रुग्णाचंच आहे. मग हिशेब दाखवायला लाज कसली?

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कमेंटमध्ये लिहा: तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वीचं विश्लेषण आज दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तोच आकडा येतो का?