'चव ज्याची त्याची' म्हणणाऱ्यांस

साहित्याच्या वर्गात आणि वर्गाबाहेरही एक वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्यापाशी थांबावे असे कोणास वाटत नाही. 'शेवटी चव ज्याची त्याची.' कादंबरी अर्ध्यावर सोडली, चव ज्याची त्याची. कविता कळली नाही, चव ज्याची त्याची. या वाक्यात सहिष्णुता आहे असा समज असल्याने ते सभ्य ठरते. आमच्या मते ते सभ्य नसून आळशी आहे. त्याचा फोलपणा दाखवण्यासाठी आम्ही मुद्दाम साहित्याबाहेरचे उदाहरण घेत आहोत : ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेकडील खोऱ्यात होणारी आंबट चेरीची बिअर, जिला तिथे 'क्रीक' म्हणतात. 'एकच प्याला' शिकवणाऱ्यांनी बिअरवर लिहावे काय, असे विचारणाऱ्यांस एवढेच सांगतो की हा लेख पिण्याविषयी नाही, चाखण्याविषयी आहे.

हे उदाहरण प्रतिपक्षाच्या सर्वांत सोयीचे आहे, म्हणूनच ते निवडले. जिभेच्या बाबतीत 'ज्याची त्याची' म्हणायला खुद्द कान्टची अनुमती आहे. 1790 च्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट'मध्ये तो म्हणतो की कॅनरी बेटांचे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला सुखद आहे' असे म्हणावे. मात्र ही सवलत त्याने जिभेला दिली, कवितेला नाही. सुंदराविषयी बोलताना आपण इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो, हे त्याचे पुढचे म्हणणे आपल्याकडे सोयीस्करपणे गाळले जाते. आमचे म्हणणे याहून एक पाऊल पुढचे आहे : ही सवलत जिभेलाही पुरती लागू होत नाही.

त्याआधी 1757 मध्ये ह्यूमने अभिरुचीच्या निकषावरील निबंधात 'दोन किहोते'मधली एक गोष्ट सांगितली होती. सांचो पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातल्या मद्याची पारख करायला बोलावले. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, उत्तम, पण किंचित लोखंडाची. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली.

आता क्रीककडे वळू. तिचा पाया 'लॅम्बिक' नावाची बिअर. ती सातूचे माल्ट आणि माल्ट न केलेला गहू यांपासून करतात. हॉप्स मुद्दाम जुनी घेतात. कडवटपणा नको असतो, टिकाऊपणा हवा असतो. उकळलेला काढा रुंद, उथळ भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट बाहेरून घालत नाहीत. हवेतले आणि पुढे लाकडी पिंपातले रानटी यीस्ट आणि जिवाणू आपापले काम करतात. हा उद्योग थंडीच्या महिन्यांतच चालतो. उन्हाळ्याच्या हवेचा भरवसा नसतो. पुढे लॅम्बिक पिंपात मुरते, कधी वर्षभर, कधी तीन वर्षे. तिच्यात आंबट चेरी सबंध घातल्या की फळातल्या साखरेवर यीस्ट पुन्हा तुटून पडते. काही महिन्यांनी साखर जवळजवळ संपते आणि फळाचा रंग, गंध व आंबटपणा तेवढा उरतो. फळाची बिअर गोड असणार, ही अपेक्षा इथे पहिल्याच घोटाला मोडते.

एका माजी विद्यार्थ्याने ब्रसेल्सहून आणलेली अशी एक बाटली आम्ही चौघांनी चाखली. एकास फार आंबलेले ताक आठवले. दुसऱ्यास तबेल्याचा वास आला. तिसऱ्याने बदाम म्हटले. चौथ्याने 'मला नाही आवडली' एवढेच सांगून पेला खाली ठेवला. चार माणसे, चार चवी. प्रतिपक्षाचा विजयच म्हणायचा. पण जरा तपासून पाहा. ताकाचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा असतो आणि लॅम्बिकमध्ये जिवाणू तेच आम्ल तयार करतात. तबेल्याचा वास ब्रेटॅनोमायसीस या यीस्टने निर्माण केलेल्या संयुगांचा. बदाम आला तो चेरीच्या बीमधून : बिया काढलेल्या नसतात आणि कडू बदामाला त्याचा गंध देणारे बेंझाल्डिहाइड त्यांतूनही उतरते. म्हणजे तिघांनाही किल्लीचा एकेक भाग सापडला होता. चौथ्याची नावड खरीच होती, तीबद्दल तक्रार नाही. पण ती त्याच्याविषयी काही सांगत होती, पेल्यातल्या वस्तूविषयी नाही. आवडीनिवडी वेगळ्या राहतील, राहाव्यात. वस्तूत काय आहे, हे मात्र ज्याचे त्याचे नसते.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो, शुद्धतावाद्यांचा. त्यांच्या मते आंबट बिअर म्हणजे नासलेली बिअर. त्यांच्या बाजूने इतिहासही काही काळ होता. पाश्चरने 1876 च्या आपल्या ग्रंथात बिअरच्या 'रोगां'चा अभ्यास केला, त्यांत आंबणे हाही एक रोगच. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेनने 1883 मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले आणि रानटी यीस्ट गुन्हेगार ठरले. पण 1904 मध्ये त्याच कार्ल्सबर्गच्या क्लाउसेनने दाखवले की मुरलेल्या इंग्लिश बिअरचा खास स्वाद ज्या यीस्टमुळे येतो ते ब्रेटॅनोमायसीस रानटीच आहे. बव्हेरियाचा 1516 चा शुद्धतेचा प्रसिद्ध हुकूम तर सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच सांगतो. यीस्टचा त्यात उल्लेखही नाही. जिच्यावाचून बिअर होत नाही तीच गोष्ट शुद्धतेच्या यादीत नव्हती. 'शुद्ध मराठी'चे दंडक घेऊन बोलीतल्या लेखनाला नासके ठरवणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

तिसरा पक्ष अधिक लबाड आहे. बाटलीवर चेरीचे चित्र, आत फळाचा रस आणि साखर. बिअर गाळायची, जंतू मारायचे, म्हणजे साखर आंबत नाही आणि गोडी टिकते. 1997 मध्ये युरोपीय संघाने पारंपरिक पद्धतीच्या 'औदे क्रीक'ला नावाचे संरक्षण दिले, ते हा फरक पुसला जाऊ नये म्हणून. आमचा रोष गोडीवर नाही. बर्लिनच्या आंबट 'वाइसं' बिअरमध्ये रासबेरीचे सरबत घालून पिण्याची चाल जुनी आहे. पण तिथे सरबत सर्वांदेखत पेल्यात ओततात, आणि ते फळासोबत मुरले आहे असा दावा कोणी करीत नाही. आक्षेप आहे तो वरून ओतून आतून आल्याचा आव आणण्यावर. महाराष्ट्रातही कोकम घातलेली आंबट बिअर झाली आहे. तिलाही हाच प्रश्न विचारावा.

आणि हाच प्रश्न कादंबरीला विचारावा. बोली वाक्यरचनेत, विचारात, मौनात मुरली आहे, की प्रमाणभाषेतल्या निवेदनावर चार शब्द भुरभुरवले आहेत? स्मरणरंजन अनुभवातून आंबून आले आहे, की शेवटच्या परिच्छेदात पाकासारखे ओतले आहे? ही उत्तरे पाने उलटून दाखवता येतात. त्यांवर वाद घालता येतो.

त्यासाठी शब्द हवेत, आणि ते आपल्याकडे आहेत. आंबूस, आंबटगोड, आंबटढाण, आंबटचिंबट, तुरट. आमसूल, चिंच, कैरी आणि ताक यांचे आंबट वेगवेगळे ओळखणारी घरे आपली. आंबट आणि आंबणे हे सगोत्र शब्द. श्रमाने अंगही आंबते. चवीचे इतके बारकावे जाणणारा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत मात्र 'ओघवती, प्रवाही, रसाळ भाषाशैली' एवढेच लिहितो, आणि आम्ही शिक्षक त्यास गुण देतो. हाच तो वरून ओतलेला पाक. सहृदय हा काव्याच्या अभ्यासाने घडतो, असे अभिनवगुप्ताची परंपरा सांगते. जन्मजात जिभेवर ती विसंबत नाही. 'आस्वाद' हा शब्द अभ्यासक्रमात जागोजागी छापणाऱ्यांनी अभ्यास तेवढा ऐच्छिक केला आहे.

म्हणून वर्गात कोणी 'आवडली' किंवा 'नाही आवडली' म्हटले की तिथे चर्चा संपवू नये, सुरू करावी : त्यात तुला काय लागले, आणि ते कुठून आले? ज्यांस हे मान्य नसेल त्यांनी अवश्य वाद घालावा. चवीवर वाद घालता येतो, एवढेच आम्हांस सिद्ध करायचे आहे.