विश्लेषण : संगणकाच्या प्रोसेसरचे व्होल्टेज सुरक्षित आहे का, हे कसे ओळखायचे?

गेम सुरू केला की तो बंद पडायचा आणि पडद्यावर संदेश यायचा, 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. ग्राफिक्स कार्डात मेमरी भरपूर असतानाही. २०२४ च्या सुरुवातीच्या महिन्यांत जगभरातले अनेक गेमर या कोड्यात अडकले होते. संशय साहजिकच ग्राफिक्स कार्डावर गेला. दोष निघाला इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, म्हणजे त्यांना मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये. तेव्हापासून 'माझ्या पीसीचे व्होल्टेज ठीक आहे ना' हा प्रश्न फक्त ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांचा राहिलेला नाही.

नेमके काय बिघडले होते?

प्रोसेसरला किती व्होल्टेज हवे, हे तो स्वतःच मदरबोर्डला सांगतो. ही मागणी ठरते मायक्रोकोड नावाच्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचातून. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. काही मदरबोर्डांच्या मूळ सेटिंग्जही इंटेलने सांगितलेल्या मर्यादेपलीकडच्या होत्या. ऑगस्टमध्ये आलेल्या '०एक्स१२९' या मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला लगाम घातला. सप्टेंबरमध्ये '०एक्स१२बी' आला आणि मे २०२५ मध्ये '०एक्स१२एफ'.

जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे चिपमधला घड्याळाचे ठोके पोहोचवणारा भाग लवकर झिजतो. मग पूर्वी ज्या व्होल्टेजवर चिप नीट चालायची, तेवढे तिला पुरत नाही. इंटेलने याला 'व्हीमिन शिफ्ट' म्हटले. म्हणजेच झिजलेल्या प्रोसेसरवरही आज व्होल्टेजचा आकडा अगदी सर्वसाधारण दिसू शकतो.

मग सुरक्षित आकडा कोणता?

सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. काम जास्त तेव्हा व्होल्टेज जास्त, असा समज असतो. प्रत्यक्षात बरेचदा उलट दिसते. ब्राउझर उघडताना एखाददुसरा कोअर सर्वोच्च वेगाने धावतो (कोअर आय९-१४९००के मध्ये ६ गिगाहर्ट्झपर्यंत) आणि त्या वेगाला चढे व्होल्टेज लागते. सगळे कोअर एकदम कामाला लागले की वेग उतरतो, सोबत व्होल्टेजही. त्यामुळे हलक्या कामात क्षणभर १.४५ व्होल्ट दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. एएमडीच्या रायझन ३००० आणि ५००० मालिकांतही असे आकडे नेहमीचेच. पण व्हिडिओ रेंडर करताना, सगळे कोअर जुंपलेले असताना, तासभर तोच आकडा टिकून राहिला तर सेटिंग्ज तपासायलाच हव्यात.

एएमडीचे ग्राहकही यातून सुटले नव्हते. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्सथ्रीडी मालिकेतले काही प्रोसेसर मदरबोर्डासकट जळाले. तिथे मुद्दा कोअरच्या नव्हे, तर एसओसी व्होल्टेजचा होता. एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. हा आकडा मात्र पक्का आहे. त्याहून जास्त दिसले तर बायॉस जुना असण्याची शक्यता मोठी.

तपासायचे कसे?

'एचडब्ल्यूइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात दोन नोंदी शोधाव्यात. 'व्हीआयडी' म्हणजे प्रोसेसरने मागितलेले व्होल्टेज आणि 'व्हीकोअर' म्हणजे मदरबोर्डाने मोजलेले. दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत, जुळायलाही नकोत. फक्त बेंचमार्क चालवून थांबू नये. दिवसभराचे नेहमीचे काम करत सॉफ्टवेअर चालू ठेवावे आणि 'मॅक्सिमम' रकाना पाहावा. हे सॉफ्टवेअर साधारण दोन सेकंदांनी एकदा आकडा टिपते. मधले सूक्ष्म झटके त्यात सापडतीलच असे नाही.

म्हणूनच इंटेलच्या या दोन पिढ्यांसाठी व्होल्टेजच्या आधी मायक्रोकोडचा क्रमांक पाहणे जास्त कामाचे. तोही याच सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. क्रमांक जुना असेल, तर मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा बायॉस घ्यावा आणि त्यात 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडाव्यात. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच बंद पडू शकतो, तेव्हा यूपीएस जोडलेला बरा.

नुकसान आधीच झाले असेल तर?

नवा मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. इंटेलने प्रोसेसर बाजारातून परत मागवले नाहीत. वॉरंटी मात्र तीनवरून पाच वर्षे केली. आय९, आय७ आणि काही आय५ प्रोसेसरना ती लागू आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेरावी पिढी बाजारात येताच घेतलेल्यांची मुदत त्यामुळे २०२७ पर्यंत जाते. खोक्यातून आलेल्या प्रोसेसरसाठी थेट इंटेलकडे दाद मागता येते, खोक्याविना 'ट्रे' स्वरूपात आलेल्यासाठी विक्रेत्याकडे जावे लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या दुकानात पीसी जुळवून घेतला असेल, तर आत कोणता प्रोसेसर बसवला हे बिलावरून पाहावे.

सर्वांत अवघड बाजू आहे ती जुन्या प्रोसेसरच्या खरेदी-विक्रीची. वर्ष-दीड वर्ष जुन्या मायक्रोकोडवर चाललेला आय९ कमी किमतीत मिळतो, नव्या बायॉसवर त्याचे व्होल्टेजही नीट दिसते. तो किती झिजला आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. विक्रेत्याकडे मूळ बिल आणि खोका मागणे, आणि पैसे देण्याआधी मोठी झिप फाइल अनेकदा उघडून पाहणे एवढेच हातात राहते. झिजलेले प्रोसेसर अशाच कामात चुकतात.