आराखडा ठरतो तेव्हा आपण कुठे असतो?

काही वर्षांपूर्वी एका मंगळवारी संध्याकाळी मी नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या मॉरिसव्हिलच्या टाउन हॉलमध्ये माइकसमोर उभी होते. हातात कागद, बोलायला तीन मिनिटं. आमच्या सबडिव्हिजनला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर अपार्टमेंट बांधण्यासाठी रिझोनिंगचा, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याचा, अर्ज आला होता आणि आम्ही बरेच शेजारी विरोध करायला गेलो होतो. त्यात निम्म्याहून जास्त आपली मंडळी. मी म्हणाले, शाळा भरल्या आहेत, माझ्या धाकट्याला घराजवळच्या शाळेत जागा मिळाली नाही, रोज त्याची बस लांबच्या शाळेत जाते. टाळ्या पडल्या. अर्ज मंजूर झाला. पार्किंगमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, हे लोक आपलं ऐकून घेत नाहीत.

तो राग मी बरेच दिवस बाळगला. मग सभांचे अजेंडे वाचायला लागले, कायदा काय म्हणतो ते शोधायला लागले आणि लक्षात आलं की त्या रात्री मी ज्या गोष्टीचं गाऱ्हाणं मांडलं, ती टाउन कौन्सिलच्या हातात जवळजवळ नव्हतीच.

शाळा टाउन चालवत नाही. त्या वेक काउंटीच्या शिक्षण मंडळाकडे आहेत. त्या मंडळाचे सदस्य वेगळे निवडून येतात आणि स्थानिक निधीचे पैसे काउंटी कमिशनर देतात. शाळेत जागा नसेल तर बांधकाम अडवून धरायचं किंवा बिल्डरकडून शाळांसाठी पैसे घ्यायचे, असा नियम याच राज्यातल्या कबॅरस काउंटीने केला होता. कायद्याने तसा अधिकारच दिलेला नाही, असं म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो रद्द केला. रस्त्यांचंही तसंच. नॉर्थ कॅरोलायनात १९३१ पासून काउंटीकडे रस्ते नाहीत. ज्या एनसी ५४ वर आपण रोज संध्याकाळी अडकतो तो राज्याच्या परिवहन खात्याचा आहे. तो रुंद करा म्हणून आपण मेयरवर ओरडतो, पण त्याची यादी आणि पैसा रालेमध्ये ठरतो.

शेजाऱ्यांच्या हातात पूर्वी एक हत्यार होतं. लगतच्या मालकांनी पुरेशा सह्या करून हरकत घेतली की रिझोनिंगला तीन-चतुर्थांश मतं लागायची. विधिमंडळाने २०१५ मध्ये ते काढून घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक कायदा झाला. जमिनीवर आधी दिलेली बांधकामाची मुभा मालकाच्या लेखी संमतीशिवाय टाउनला स्वतःहून कमी करता येणार नाही. म्हणजे एकदा दिलेलं परत घेणं फार अवघड.

मग आपल्या हातात काय उरतं? माझं उत्तर आहे, गावात कुठे काय उभं राहील हे आधीच ठरवणारा आराखडा. राज्याच्या जमीन-वापर कायद्याने प्रत्येक टाउनला १ जुलै २०२२ पर्यंत असा आराखडा मंजूर करायला लावला. तो नसेल तर झोनिंगचा अधिकारच जातो. पुढच्या प्रत्येक रिझोनिंगच्या वेळी कौन्सिलला लेखी सांगावं लागतं की हा निर्णय आराखड्याशी जुळतो की नाही. नकाशात एखाद्या तुकड्यावर दाट वस्ती दाखवलेली असेल, तर त्या जागेचा अर्ज येईल त्या रात्री लाल शर्ट घालून दोनशे माणसं आली तरी बोलण्याची खरी वेळ मागेच गेलेली असते. ती वेळ असते आराखड्याच्या कार्यशाळांची, टेबलावर नकाशे पसरून रंगीत ठिपके चिकटवायला सांगतात त्या शनिवारच्या सकाळची. अशा दोन कार्यशाळांना मी गेले. दोन्ही ठिकाणी मिळून मराठी माणसं आम्ही तीन होतो.

आपल्याकडे ग्रामसभा असते आणि तिथे काय होतं हे आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी पाहिलंय. कोरम भरत नाही, सह्या नंतर घरोघरी फिरवून घेतात, आणि मग विहिरीची जागा ठरली की सगळं गाव भांडतं. इथे आपण नेमकं तेच करतो आहोत याचं मला वाईट वाटतं, कारण इथे सभेच्या नोटिशीपासून इतिवृत्तापर्यंत सगळं घरबसल्या बघायला मिळतं.

आता दुसरं, जे बोलायला जड जातं. आपण विरोध कशाला करतो आहोत? २००० च्या जनगणनेत मॉरिसव्हिलची लोकसंख्या ५,२०८ होती. २०१० मध्ये १८,५७६. २०२० मध्ये २९,६३०. ही वाढ आपण आहोत. रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ मध्ये उभं राहिलं तेव्हापासून कित्येक दशकं त्या हजारो एकरांत नोकऱ्या होत्या, पण राहायला घर नव्हतं. तिथे काम करणाऱ्यांनी आजूबाजूच्या गावांत राहायचं, अशीच ती रचना होती. जेरेमाया मॉरिसने १८५२ मध्ये रेल्वेला दिलेल्या जमिनीभोवती वाढलेलं हे स्टेशनचं गाव विमानतळ, रिसर्च पार्क आणि शेजारचं कॅरी यांच्यामध्ये चेपलेलं आहे. पसरायला जागा नाही. विमानतळाच्या आवाजाच्या पट्ट्यात घरं बांधायला मनाई आहे. राहिलेल्या जमिनीवर घरं हवी असतील तर ती उंच आणि दाट होणार, याला दुसरा मार्ग मला दिसत नाही.

मी स्वतः २००६ मध्ये इथे आले ती दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. कर्जाची पत नव्हती, गाडी एकच, आणि नवऱ्याचा व्हिसा एका कंपनीवर टांगलेला. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी मला इथलं दुकान, डॉक्टर, ड्रायव्हिंग टेस्ट सगळं शिकवलं. मराठी मंडळाचा पहिला गणपती मी त्यांच्याबरोबर पाहिला. त्यानंतर बारा वर्षांनी माइकसमोर उभं राहून मी म्हणाले की भाड्याने राहणाऱ्यांना गावाची ओढ नसते. ते वाक्य मी मागे घेते. आज आपल्यातल्याच नव्या जोडप्यांना, आपल्या मुलांच्या शिक्षिकांना, फायर स्टेशनवर काम करणाऱ्यांना इथे घर परवडत नाही आणि त्यांच्यासाठी येऊ पाहणाऱ्या प्रत्येक इमारतीला आपण हरकत घेतो. हे चुकतंय.

आणि आपल्या आई-वडिलांचं काय? ते सहा महिन्यांसाठी येतात. पहिले पंधरा दिवस छान जातात. मग बाबा खिडकीत बसतात, कारण भाजी आणायला, देवळात जायला, चार माणसं भेटायला मुलाने किंवा सुनेने गाडी काढावी लागते. माझे सासरे म्हणाले होते, "इथे सगळं आहे गं, पण पायाखालचा रस्ता नाही." ते बदलायचं तर चालत जाण्याच्या अंतरावर दुकानं हवीत. दुकानं चालायला आसपास पुरेशी घरं हवीत. खाली दुकानं आणि वर घरं असा प्रस्ताव आला की त्या मंगळवारच्या सभेला आपण विरोधाचे लाल शर्ट घालून जातो. टाउनने ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केलेली स्मार्ट शटल फुकट आहे आणि फोनवर बोलावता येते. ठरावीक थांब्यांवरून ठरावीक थांब्यांपर्यंत जाते. माझ्या आईने त्या शटलने स्वतःचं स्वतः ग्रंथालय गाठलं, त्या संध्याकाळी ती तासभर त्याबद्दलच बोलत होती. अशी सेवा टिकायची, वाढायची, तर ती वापरणाऱ्यांनी बजेटच्या सुनावणीत येऊन तसं सांगायला हवं.

आपण काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. चर्च स्ट्रीट पार्कचं क्रिकेट मैदान बघा. तिथे २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटच्या पहिल्या हंगामाचे सामने झाले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका छोट्या गावाने क्रिकेटला जागा दिली, ही लहान गोष्ट नाही. भारतीय वंशाचे सदस्यही कौन्सिलवर निवडून गेले. आपल्या आवडीचा विषय असला की आपण उभे राहतो आणि गावही आपल्याला जागा देतं, हे त्यातून दिसतं. पण याच गावात शायलो आहे. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलेली ही वस्ती. गावावर तिचा हक्क आपल्यापेक्षा कितीतरी जुना. भोवताली गोदामं, ऑफिसं आणि नव्या कॉलन्या येत गेल्या त्याची झळ तिथल्या लोकांनी आपल्या आधी सोसली आहे. त्यांच्या बाजूच्या रस्त्यांचा, पदपथांचा विषय अजेंड्यावर असतो तेव्हा मी गेलेल्या सभांमध्ये आपल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गावकरी म्हणून ओळख हवी असेल तर दुसऱ्याच्या विषयालाही जाऊन बसावं लागतं.

"आम्हाला मतच नाही," असं यावर अनेक जण म्हणतील. खरं आहे. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते मला वेगळं सांगायला नको. घराचा प्रॉपर्टी टॅक्स भरणारे, पंधरा-पंधरा वर्षं इथे राहणारे आपले कित्येक लोक मत देऊ शकत नाहीत. पण जनसुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. कौन्सिल सदस्याला ई-मेल लिहायला, कार्यशाळेत नकाशावर ठिपका लावायला लागत नाही. आणि ज्यांना मत आहे त्यांच्याबद्दल माझी तक्रार जास्त आहे. टाउनच्या निवडणुका विषम सालात येतात, अध्यक्षपदाची धामधूम नसते, मतदान थोडं होतं, आणि म्हणूनच एका सबडिव्हिजनने मनावर घेतलं तर निकालावर परिणाम होऊ शकतो. एचओएच्या पूलच्या वर्गणीवरून रात्री बारापर्यंत वाद घालणाऱ्या आपल्या माणसांना आपल्या कौन्सिलमध्ये मेयर सोडून सहा सदस्य असतात हे माहीत नसावं, याची मला खंत वाटते.

शाळांचा प्रश्न मी सोडलेला नाही. मुलाच्या शाळेसाठी आता मी काउंटीच्या शिक्षण मंडळाच्या सभेला जाते, कमिशनरांच्या बजेट सुनावणीला जाते. तिथे तोच कागद वाचला तर तो योग्य टेबलावर पडतो.

आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीकडे माझी एक विनंती आहे. गणेशोत्सव, दिवाळी, संक्रांत यांच्या तारखा आपण वर्षाच्या सुरुवातीला छापतो. त्याच पानावर टाउन कौन्सिल, शिक्षण मंडळ आणि काउंटी कमिशनर यांच्या सभांच्या तारखा छापा. आराखड्यात बदल सुचवण्याची मुदत असेल तर ती ठळक अक्षरांत द्या. आणि वाचकहो, पुढच्या सभेला मी जाणार आहे, अजेंड्यावर आपल्या कॉलनीचं काहीही नसलं तरी. गाडीत चार जागा आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आदल्या दिवशीपर्यंत मंडळाच्या चिटणीसांकडे नाव द्यावं. आजी-आजोबांना घेऊन आलात तर जास्त आनंद होईल.