सीमाभागातील दगडांच्या टेक्स्चरसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव

विषय : व्हिडिओ गेमसाठी जिल्ह्यातील दगडांचे पोत टिपण्याची परवानगी, प्रशिक्षण व मानधन याबाबत.

महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात राहून गेमसाठी टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांचे पोत, करणारे आम्ही कलाकार. आमच्या हाती येणाऱ्या तयार संग्रहांत बहुतेक दगड परदेशचे. ते लावून उभारलेला किल्ला आपल्या मुलखातला वाटत नाही.

आपल्याकडे दगडाला तोटा नाही. निपाणीकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, खानापूर-जांबोटीकडे जांभा, गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते तो वालुकाश्माचा कडा. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. जांभ्याचा चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. त्याला नुसता तांबूस रंग फासून भागत नाही. भोकांची खोली, पृष्ठभागाची खरखर आणि रंग यांचे मॅप वेगवेगळे करावे लागतात. तोच चिरा पावसात भिजला की गडद होतो, चमकू लागतो.

त्यासाठी एकाच दगडाचे, एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो ढगाळ उजेडात घ्यावे लागतात. उन्हात घेतले तर सावली रंगातच उतरते आणि गेममधला उजेड पडला की सावलीवर सावली दिसते. आमच्या दोन सदस्यांना एका जुन्या वास्तूत एकाच दिवसाची परवानगी मिळाली. त्या दिवशी लख्ख ऊन पडले. दोघे रिकाम्या हाताने परतले.

म्हणून आमच्या मागण्या :

१. परवानगी एका दिवसाची न देता पंधरा दिवसांची द्यावी. ढगाळ दिवस आम्ही निवडू. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ च्या कमल बस्तीसारख्या संरक्षित वास्तूंसाठी प्रशासनाने पुरातत्त्व खात्याकडे शिफारस करावी. दगडाला खडू वा चिकटपट्टी लावणार नाही, असे हमीपत्र आम्ही देऊ.

२. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या साहाय्याने जिल्ह्याचा खुला दगडसंग्रह उभारावा. प्रत्येक नमुन्यावर गाव, दगडाची जात आणि टिपणाऱ्याचे नाव असावे.

३. कर्नाटक राज्याच्या २०२४–२९ च्या एव्हीजीसी-एक्सआर (ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स व विस्तारित वास्तव) धोरणातील प्रशिक्षण बेळगाव व निपाणीत, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत मिळावे.

४. टाकीचा घाव कसा बसतो, कपची कुठून उडते, हे पाथरवट सांगतो तेव्हाच घडीव दगड पडद्यावर खरा उतरतो. त्याला तज्ज्ञ म्हणून मानधन मिळावे.

५. रस्तारुंदीकरण वा खाणकामात कातळ फोडण्यापूर्वी त्याचे पोत टिपू द्यावेत. फुटलेला कातळ पुन्हा टिपता येत नाही.

पावसाळा संपता संपता ढग असतात आणि दगड वाळू लागतो. आमच्या कामाचे दिवस तेच. त्याआधी बैठक बोलवावी, ही आग्रहाची विनंती.

आपले विश्वासू,
सीमाभागातील गेम-कलाकारांच्या संघटनेचे सर्व सभासद