खणाचे फूल

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी घरातली जुनी ट्रंक उघडावी, तर तळाशी खणांची एखादी चळत हमखास सापडते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात, डोहाळजेवणात, लग्नकार्यात ओटीत आलेले हे खण. पूर्वी त्यांच्या चोळ्या शिवल्या जात. आता त्यांतील पुष्कळसे न शिवताच एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरतात आणि फिरता फिरता घडीच्या रेषेवर विरून जातात. अशा खणांपासून केसांत माळावयाची सुंदर फुले घरच्या घरी करता येतात. त्यांची कृती आणि त्या निमित्ताने मनात आलेला एक विचार, असे दोन्ही या वेळी वाचक-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कापडाची पारख. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे खणांचे जुने माहेरघर. तेथील पारंपरिक खणात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. आज मात्र बाजारात खण म्हणून कृत्रिम धाग्याचे कापडही सर्रास विकले जाते. आपल्या हातात काय आहे हे कळण्यासाठी कडेचे उभे व आडवे असे दोन धागे ओढून काढावे आणि ताटलीत वेगवेगळे जाळून पाहावे. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो व राख बोटांनी सहज चुरडते. सूत कागदासारखे जळते. कृत्रिम धागा बहुधा वितळून त्याचा टणक मणी होतो. ही पारख करण्याचे कारण असे की, फुलाच्या पाकळ्यांच्या कडा मेणबत्तीच्या आचेवर धरून बंद करण्याची जी युक्ती हल्ली दिसते, ती केवळ वितळणाऱ्या कापडालाच चालते. रेशमी वा सुती खण आचेवर धरला, तर तो बंद होत नाही, जळतो.

अशा खणाला तांदळाची पातळ खळ द्यावी आणि तो अर्धवट ओला असतानाच उलट बाजूने इस्त्री करावा. कापड ताठ होते व कापताना धागे सुटत नाहीत. तत्पूर्वी पांढरी ओली चिंधी कोपऱ्यावर घासून रंग जातो काय ते पाहावे. रंग जाणाऱ्या खणाचे फूल घामाने वा तेलाने मानेवर उतरते.

आता कृती. खणाच्या उलट बाजूवर एक बांगडी ठेवून खडूने वर्तुळ आखावे. ते सुमारे ६ सेंटिमीटर व्यासाचे होते. अशी पाच वर्तुळे कापावी. प्रत्येक वर्तुळ सुलट बाजू बाहेर ठेवून अर्धे दुमडावे. सुईत दुपदरी दोरा घेऊन, गाठ मारून, दुमडलेल्या वर्तुळाच्या गोल कडेने आतल्या अंगाला तीन मिलिमीटरवर धावदोरा घालावा. दोरा न तोडता त्याच दोऱ्यावर दुसरी पाकळी घ्यावी, मग तिसरी, याप्रमाणे पाचही ओवाव्या. नंतर दोरा हळूहळू ओढावा. चुण्या पडून पाकळ्या उमलतात. पहिल्या व शेवटच्या पाकळीला एकत्र टाका घालून दोरा घट्ट बांधावा. मध्ये जी पोकळी राहते तीवर काठाच्या तुकड्याने मढविलेले बटण शिवावे.

मागच्या बाजूस रुपयाएवढी बकरमची गोल चकती लावावी आणि तिच्यावर आकडा किंवा चाप बसवावा. येथे डिंकावर वा गोंदावर विसंबू नये. केसांच्या तेलाने चिकटविलेले भाग लवकरच सुटतात. शिवलेली चकती मात्र मळली की उसवून नवी लावता येते आणि फूल वर्षानुवर्षे टिकते. लहान बाळाच्या टोपीला वा पट्टीला फूल लावणार असाल, तर बटण, मणी, टिकली यांपैकी काहीही लावू नये. ते सुटून बाळाच्या तोंडात जाण्याचे भय असते. तेथे मध्ये कापडाचीच गाठ बसवावी.

फूल तयार झाले. आता ते कोणाच्या केसांत माळावयाचे?

लेकीच्या, सुनेच्या, नातीच्या, असे उत्तर चटकन येईल. पण ज्या घरांत हे खण साठले आहेत, त्यांतील कित्येक घरांत असे एक माणूस असते की, जिची ओटी आता कोणी भरत नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी ती आतल्या खोलीत बसून इतरांसाठी गजरे करते. शिवणातला सर्वांत सुबक हात पुष्कळदा तिचाच असतो, आणि नातींना धावदोरा शिकविते तीच. तिच्या स्वतःच्या अंबाड्यात मात्र फूल नाही. कोणी तसा हुकूम केलेला नसतो. केवळ कोणी विचारलेले नसते.

केसांचा आणि वैधव्याचा हा संबंध आपल्याकडे फार जुना व फार क्रूर आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. केशवपन गेले, पण कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे मागे राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी सुचविले. हेरवाड आपल्या सीमाभागापासून काही दूर नाही. परंतु ठराव गावाचा झाला, तरी घरातला उंबरठा घरातल्यांनीच ओलांडावा लागतो.

म्हणून आमची विनंती एवढीच की, खण कापावयास घ्याल तेव्हा आईला, सासूबाईंना, काकूंना शेजारी बसवावे. पाकळ्या त्यांच्या हातून ओवून घ्याव्या, आणि एका फुलाचा रंग त्यांनाच निवडू द्यावा, कोणासाठी ते आधी सांगून. फूल झाल्यावर आग्रह करू नये. इतक्या वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही, आणि लोक काय म्हणतील ही भीतीही खोटी नसते. त्या नको म्हणाल्या, तर फूल त्यांच्या फणीच्या डबीत ठेवून द्यावे. कापडाचे फूल सुकत नाही. आज नाही तर पुढच्या सणाला त्या स्वतः डबी उघडतील. आणि न उघडली, तरी आपल्यासाठीही एक फूल केले गेले हे त्यांना ठाऊक असेल.

फुले ठेवताना डबीत चार लवंगा किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा, म्हणजे कसर लागत नाही. उरलेले काठ टाकू नयेत. त्यांची वेणी कशी गुंफावी ते पुढील अंकी सांगू.