कुळ जटामांसीचे, पान कोशिंबिरीचे

स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक प्रांतांत हिवाळ्यात ‘न्युस्लीसालाट’ ही कोवळी पालेभाजी आवडीने कच्ची खातात. रेती निघेपर्यंत पाने गार पाण्यात धुऊन निथळावीत. तेल, व्हिनेगर व वाटलेली मोहरी घोटून वाढतेवेळीच घालावी, अन्यथा पाने लगेच मलूल होतात. वर उकडलेले अंडे चिरून घालतात.

ही वनस्पती (व्हॅलेरियानेला लोकस्टा) तगर व जटामांसी यांच्या कुळातील आहे. तेवढ्यावरून तिला निद्राजनक ठरविण्याचा मोह वैद्यबंधूंनी टाळावा. तगर-जटामांसीची भूमिगत अंगे औषधात येतात. येथे पान खाल्ले जाते. द्रव्याचा निर्णय रस-वीर्य-विपाकावरून व्हावा, केवळ कुळावरून नव्हे. औषधालयचालकांनीही कुळाचे नाते गुण म्हणून वेष्टनावर छापू नये.

वाग्भटांनी शाक शिजवून, पिळून, भरपूर स्नेह घालून खाण्यास सांगितले आहे. या कोशिंबिरीत स्नेह आहे, अग्निसंस्कार नाही. प्रदीप्ताग्नी व्यक्तीने ती अल्प प्रमाणात अवश्य खावी. मंदाग्नी रुग्णास मात्र ‘सॅलड खा’ असा सरसकट सल्ला देणे आपल्या शास्त्राला शोभणारे नाही.